शहाणपण दोन प्रकारचे



गेल्या महिन्यात आमच्या घरी एक छोटीशी सभाच भरली होती. माझ्या पुतण्याची मुलगी नर्सिंग शिकली आहे. तिला परदेशातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळते आहे. आणि ती म्हणते, मी जाणार नाही. तालुक्याच्या गावातल्या ज्या लहानशा दवाखान्यात ती वर्षभर काम करते आहे, तिथेच तिला राहायचे आहे, कारण रात्रपाळीला तिथे दुसरी शिकलेली नर्स नाही. दोन पगारांत किती फरक असेल, ते मी वेगळे सांगायला नको. बराच वेळ वादावादी झाली आणि शेवटी पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, ती तुझे ऐकते. तिला जरा व्यवहार समजाव."

मी तेव्हा काहीच बोलले नाही. "विचार करून सांगते" एवढेच म्हणाले. तो विचार आज लिहून काढते आहे. घरातल्या मंडळींनी तर हे वाचावेच, पण बाकीच्यांनाही त्यात आपले काही सापडेल असे वाटते.

"व्यवहार बघ" हे वाक्य माझ्या पिढीने किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही. शब्द वाईट नाही. घर चालवायचे तर व्यवहार लागतोच. पण आम्हा ख्रिस्ती लोकांना लहानपणापासून आणखी एक गोष्ट शिकवलेली असते. पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिले तेव्हा त्याच्यासमोर वक्तृत्वावर आणि तत्त्वज्ञानावर जीव टाकणारे एक श्रीमंत बंदर होते. जगाला जे शहाणपण वाटते ते देवाच्या दृष्टीने नेहमीच शहाणपण असते असे नाही, हे त्याने त्या लोकांना बजावले. याकोबाने तर दोन्हींची परीक्षा कशी करायची तेही सांगितले. झाड जसे फळावरून ओळखावे, तसे शहाणपण त्याच्या परिणामावरून ओळखावे. मुळाशी स्वार्थ आणि हेवा असेल तर बाहेर गोंधळ माजतो. वरून आलेले शहाणपण असेल तर त्यातून दया निघते, आणि ऐकून घेण्याची तयारीही.

ऐकायला हे सोपे वाटते. पण प्रत्यक्षात दोन्ही शहाणपणे एकाच आवाजात बोलतात, आणि कोणते कोणाचे हे त्या वेळी कळत नाही. म्हणून मला उपदेशापेक्षा इतिहास बरा वाटतो. ज्यांच्यामुळे आमचे घराणेच उभे आहे, त्या पंडिता रमाबाईंची गोष्ट मी सांगणार आहे.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना लोकांचा रोष सहन करावा लागला. पुढे सगळे कुटुंब पुराण सांगत तीर्थयात्रा करू लागले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात जवळचे सगळे संपले, आणि थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाईंनी नंतर लिहिले आहे की, घरात विद्या होती, पण अंगमेहनतीचे कोणतेच काम कुणाला शिकवलेले नव्हते, आणि हात पसरायची लाज वाटत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

उरलेली दोघे भावंडे पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. नंतर भाऊ गेला. बंगालमधले वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि १८८२ मध्ये पती पटकीने गेले. चोवीस वर्षांच्या वयात रमाबाईंनी इतके सगळे पाहून घेतले होते.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात खळबळ उडाली, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. पण पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला. मुंबईच्या बिशपांसह चर्चच्या काही वरिष्ठांना ते पसंत नव्हते. हिंदुस्थानात परतल्यावर लोक काय म्हणतील, कामाला धक्का लागेल, अशी त्यांची काळजी होती. म्हणजे 'लोक काय म्हणतील' हे शहाणपण चर्चमध्येही बसलेले होते! रमाबाईंनी ते मानले नाही. धर्माच्या बाबतीतही दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकणार नाही, असे त्या आपल्या धर्ममातेला पत्रांतून वारंवार लिहीत राहिल्या. जगाच्या शहाणपणाची हद्द देवळाच्या दारापाशी संपते असा आपला समज असतो, पण तो खरा नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव भाषणे दिली, आणि बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी एक संस्था स्थापन झाली. तिने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. त्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आले.

सदनात धर्म शिकवायचा नाही, असे ठरलेले होते. रमाबाईंनी कुणाला शिकवलाही नाही. पण स्वतःची प्रार्थना त्या दार लावून करीत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. झाले! वर्तमानपत्रांतून टीका सुरू झाली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी आपला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांना मी दोष देणार नाही. ती भली माणसे होती आणि समाजाचा विश्वास उडाला तर विधवांचे शिक्षणच बुडेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. व्यवहार सांगत होता, दार लावून घ्या. एक दार लावल्याने सगळे वाचले असते. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी जी आहे ती लपवून मुलींना खरेपणा कसा शिकवू? इतक्या वर्षांनंतरही मला इथे निकाल देता येत नाही. एवढेच दिसते की नुकसान होईल हे पुरते माहीत असून त्यांनी दार उघडे ठेवले, आणि ज्या गेल्या त्यांच्याबद्दल कडवटपणा न ठेवता ज्या उरल्या त्यांना शिकवत राहिल्या.

आता शेताची गोष्ट. दहा वर्षांचे वचन १८९८ मध्ये संपणार होते. पुढे काय? रमाबाईंनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. फळे विकून शाळा स्वतःच्या पायावर उभी राहावी, हा बेत. देवावर भरवसा म्हणजे हिशेब न करणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही शंभर एकर जमीन आठवावी.

आणि मग दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येऊ लागल्या. दुष्काळात काय होते हे रमाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. अनाथ मुलींना पळवणारे, विकणारे लोक तिथे फिरत होते. शारदा सदनाचा पैसा होता तो मोजक्या मुलींसाठी. जास्त मुलींसाठी जागा नाही, पैसा नाही, आणि वचनाची मुदत संपत आलेली. कोणताही शहाणा विश्वस्त म्हणाला असता, आधी निधी जमवू, मग मुली आणू. रमाबाई स्वतः निघाल्या आणि त्या दुष्काळातून तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या.

तेवढ्यात पुण्यात प्लेग. शहरातल्या आवारात इतक्या नव्या मुली ठेवायच्या नाहीत, असा सरकारी हुकूम निघाला. त्यांना केडगावच्या शेतात, तंबूंत आणि झोपड्यांत हलवावे लागले. फळे विकण्यासाठी घेतलेल्या जमिनीवर माणसे राहू लागली, आणि तेच 'मुक्ती'! प्लेगच्या इस्पितळांतल्या बायकांच्या हालांबद्दल रमाबाईंनी १८९७ मध्ये वर्तमानपत्रात सरकारवर उघड टीकाही केली. सरकारच्या हुकमावर जिची संस्था टिकून आहे, अशा बाईने गप्प बसणे किती सोयीचे होते, याचा विचार करा.

केडगावच्या या कामासाठी कुणीच हमी दिलेली नव्हती. प्रार्थना, येईल ती देणगी आणि काम, एवढेच भांडवल. पण त्या कामाकडे नीट पाहा. माग, तेलाचा घाणा, गोठा, शेती, शिवण, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी शिक्षण. प्रत्येक मुलीच्या हाताला काही ना काही काम शिकवले जाई. ज्या घरात विद्या होती पण हाताला काम नव्हते म्हणून माणसे भुकेने गेली, त्या घरातली ही एकटी उरलेली मुलगी होती. तिची प्रार्थना आणि तिचा घाणा हे दोन वेगळे विभाग नव्हतेच.

१८९९-१९०० मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ म्हणून तिकडे त्याला 'छप्पनियो' म्हणतात. हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी आजीच्या तोंडून ऐकला. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, त्या दुष्काळातली. वय आठ-नऊ असेल, नक्की कुणालाच ठाऊक नव्हते. रमाबाईंनी पाठवलेल्या मदतनीस बायका तिथे मुली गोळा करत फिरत होत्या, त्यांच्याबरोबर ती आगगाडीने केडगावला आली. तिच्या आईवडिलांचे नाव तिला सांगता येत नसे. मराठी अस्सल नगरी बोलायची, पण पैसे मोजायचे असले की आकडे गुजरातीत यायचे. त्या वेळी मुक्तीतल्या मुलींची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली होती. सगळ्या जगल्या नाहीत. उपासमारीने खंगलेल्या मुली आजारांनी जात. आजी म्हणायची, "आम्ही तिघी एका पांघरुणात निजायचो, सकाळी दोघी उठलो." याहून जास्त ती कधी सांगत नसे.

आजी छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. रमाबाई तेव्हा बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. मूळ भाषांतून करायचे म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले. मराठीत बायबल नव्हते का? होते. मग कशाला हा खटाटोप? तर साध्या, खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असे हवे म्हणून. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटले, ती संस्कृतप्रचुर भाषा बाजूला ठेवून साधे शब्द शोधत बसली होती. विद्वानांना ते भाषांतर फारसे मानवले नाही, आणि ते फार पसरलेही नाही. पण ते जुळवले आणि छापले दुष्काळातून आलेल्या मुलींनी. करिंथकरांचे पत्र जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा मला ओळींच्या मागे ती शिशाने काळी झालेली बोटे दिसतात.

शेवटचा हिशेब काही सुखाचा नाही. जिच्या हाती काम सोपवायचे ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल छापून झाले १९२४ मध्ये. देवाचे शहाणपण धरले की सगळे छान होते, असे सांगणाऱ्या प्रवचनांवर माझा विश्वास नाही, तो या चरित्रामुळे.

आणखी एक बाजू सांगायलाच हवी. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे काम आणि पगार सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. महाराष्ट्र त्यांना मानतो ते योग्यच आहे. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ठाऊक आहे की घरातला पैसा वाटून टाकणाऱ्या संताच्या घरी चूल कोण पेटवते. एकाच्या देवभोळेपणाचे बिल दुसऱ्याने भरायचे, हेही वरचे शहाणपण नव्हे. लक्ष्मीबाई हसत हसत लिहितात, म्हणून आपण ते विसरतो.

आता माझी गोष्ट. ती मी घरात कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही.

१९८३ साल. मी नगर जिल्ह्यातल्या एका गावात नववीला मराठी शिकवत होते. एका संध्याकाळी वर्गातली एक मुलगी दप्तर आणि कापडी पिशवी घेऊन दारात उभी. वडिलांनी लग्न ठरवले होते, नवरा तिच्या दुप्पट वयाचा. म्हणाली, "बाई, दहावीपर्यंत ठेवून घ्या. भांडी घासीन, पाणी भरीन." आमच्या दोन खोल्या, दोन मुले, सासूबाई. हे म्हणाले, "व्यवहार बघ. उद्या गावात म्हणतील, ख्रिस्ती बाईने पोरगी पळवली." आणि म्हटलेच असते, यात मला आजही शंका नाही. मी तिला चहा-चपाती दिली आणि अंधार पडायच्या आत घरी पोचवून आले.

त्या वेळी मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय अठरा होते. मी मुख्याध्यापकांकडे जाऊ शकले असते, तहसीलदारांकडे जाऊ शकले असते, मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करू शकले असते. तिला घरात ठेवणे किंवा परत पाठवणे, एवढे दोनच मार्ग नव्हते. पण मला दोनच दिसले, कारण माझा हिशेब माझ्या नुकसानापासून सुरू झाला होता आणि तिथेच संपला. रमाबाईंनीही हिशेब केला, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. फरक इतकाच की त्यांचा हिशेब त्या मुलींपासून सुरू झाला. केडगावची गाडी त्या दिवशी निघाली नसती तर मी हे लिहायला नसते, आणि तेच माझ्या ध्यानात आले नाही.

पाच-सहा वर्षांनी ती मुलगी एसटी स्टँडवर भेटली. कडेवर एक, हाताला एक. वाकून पाया पडली. "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणाली. गाडी आली आणि ती गेली.

तर बाळ, तुझ्या वडिलांनी तुला व्यवहार समजावायला सांगितला आहे, तो असा. परदेशी जाणे म्हणजे जगाच्या मागे लागणे, असे मी मुळीच म्हणणार नाही. बाहेर गेलेल्या नर्सांच्या पैशावर कितीतरी भावंडे शिकली, घरे सावरली. तिथल्या आजाऱ्यालाही देवानेच घडवले आहे. आणि इथे राहणे आपोआप पवित्र होत नाही. वडिलांचे घराचे कर्ज आहे. त्यांच्यासमोर बसून आकडे मांड, तुझ्या निर्णयाचे बिल लक्ष्मीबाईंसारखे कुणा दुसऱ्याकडे जाते का ते बघ. ते झाले की मग स्वतःला एकच विचार, मी हिशेब कुणापासून सुरू केला? उत्तर प्रामाणिक असेल तर जे ठरवशील त्याच्या पाठीशी ही आजी आहे.

आणि पुतणोबा, तुला एकच सांगते. तिच्या खापरपणजीच्या बाबतीत कुणी व्यवहार पाहिला असता तर आज आपल्याला वाद घालायला ही मुलगीच नसती.

अजून तिचे काही ठरलेले नाही. नाताळापर्यंत मुदत मागितली आहे. तुमच्या घरातही असे प्रसंग आले असतील, तर जरूर कळवा. माझ्या वयात उपदेश करण्यापेक्षा ऐकायला जास्त आवडते.